दोरा किती हलतो

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, तर तुर्भ्यातल्या आमच्या स्प्रिंगच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या दादांचे. राहायला बोनकोडे, शिक्षण दहावी, खिशात कायम काळ्या दोऱ्याचं रीळ.

आलेखावर बिंदू मांडले, की दादा त्यांच्यावर दोरा ताणून धरत. आधी मधोमध. मग बिंदूंना न सोडता जितका उभा करता येईल तितका उभा, आणि तसाच आडवा. "रेघ कोनपन मारतो," म्हणायचे. "ती किती हालते, ते सांग."

बोलणंही तसंच. जेवायला कधी? "साडेबारा, दहा मिनिटं इकडंतिकडं." मुलीच्या लग्नाला पाचशे माणसं, पन्नास इकडंतिकडं. सहाशे आली, तेव्हा ते आचाऱ्यापेक्षा स्वतःच्या अंदाजावर जास्त चिडलेले तुम्ही पाहायला हवे होते.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरीत कायम व्हायला आठवडा उरला असताना साहेबांनी एका मालाचा अहवाल घाईने मागितला. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला निदान वीस न्यूटन जोर लागायला हवा होता. संगणकाने माझ्या रेषेचा चढ, म्हणजे मिलिमीटरला लागणारा जोर, २०.३१७ दिला. मी तिन्ही दशांश अभिमानाने लिहिले आणि खाली 'पास'.

दादांनी दोरा काढला. उभा धरला, २०.८. आडवा धरला, १९.८.

"मंग पास कोन बोलला? तू का कंप्युटर?"

मी म्हटलं, दादा, साहेब थांबलेत, मला कायम व्हायचंय.

ते हसले नाहीत. म्हणाले, बिंदू सगळे एका कोपऱ्यात घेतलेस, दोरा झुलणारच. लांबचे घे.

मग दुपारभर आम्ही हलकी आणि जड अशी सगळी वजनं लावली. आता दोरा जेमतेम हलला. १९.८, फार तर एक दशांश इकडंतिकडं. म्हणजे नापास. 'पास' माझ्याच हाताने खोडलं. माल अडला, साहेब चिडले, आणि माझं कायम होणंही लांबलं.

"तीन महिनं," दादांनी अंदाज दिला. "एक इकडंतिकडं."

चार लागले.

तोवर दादा निवृत्त झाले होते. माझ्या कोपरखैरण्याच्या खोलीपासून त्यांचं घर चालत दहा मिनिटं, पण तोंडावर बोलवेना. म्हणून पोस्टाने पत्र पाठवलं:

"ती. दादांस नमस्कार. मी कायम झालो. घरी आईला आधी कळवलं, नंतर तुम्हाला. सोबत माझ्या सहीने गेलेल्या पहिल्या अहवालाच्या आलेखाची नक्कल आहे. बिंदू लांबलांबचे घेतलेत. रेघ किती हलते तेही लिहिलंय, पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. पाकिटात दोरा आहे."