नंबरप्लेटमागची कुंभारीण

बाळाबाई माणसांना किड्यांची नावं ठेवायची. सतत कानाशी भुणभुणणारी शेजारीण शांतव्वा म्हणजे घुंगुरटं. ऐन जेवणाच्या वेळी येऊन चिकटणारा मेहुणा विजयसिंह म्हणजे गोचीड. लांब टांगांची सून स्वप्नाली तर माप ओलांडायच्या आधीच नाकतोडा झाली होती.

एकीचंच नाव ती अदबीनं घ्यायची, कुंभारणीचं. बारीक कमरेची ही माशी ओली माती आणून बोटभर घर लिंपते, आत अंडं घालून तोंड बंद करते. ती ज्या घरी येते तिथं वर्षात पाळणा हलतो, यावर बाळाबाईचा देवाइतका विश्वास.

स्वप्नालीच्या स्कूटीच्या नंबरप्लेटमागं तसलं घर दिसलं आणि बाळाबाई हरखली. नाहीतरी सोमवारपासून सून राजारामपुरीतल्या लॅबमध्ये कामाला जाणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतंच.

"गाडी हालवायची न्हाई. कुंभारीणबाईचं घर मोडलं तर पाप लागतंय."

"आणि माझी नोकरी, आई?"

"पिल्लू उडून गेलं की जा की!"

स्वप्नालीनं वाद घातला नाही. सरळ पलंगावर आडवी झाली.

"बाई आलीया म्हटल्यावर मला जपायलाच पायजे. आई, पांढरा रस्सा प्यावासा वाटतोय. पाट्यावर वाटून करा हं."

बाळाबाईनं हौसेनं खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी थालीपीठ आणि घरचं लोणी झालं. तिसऱ्या दिवशी सुनेला धुण्याच्या साबणाचा वास सोसेना. धुणं बाळाबाईकडं आलं.

कुंपणावरून शांतव्वानं विचारलं, "सुनेला कितवा लागला गं?"

"दिवस न्हाई गेलं अजून. नुसती बाई आलीया."

"मग तू कशाला मरतीस, अव्वा?"

रविवारी संध्याकाळी पलंगावरून आवाज आला, "आई, उद्या पुरणपोळ्या कराल?"

बाळाबाईची कंबर त्या नुसत्या शब्दानंच धरली.

सोमवारी सकाळी तिनं स्वतः मातीच्या घराभोवती कापूस कोंबला, स्कूटी दारात आणली आणि सुनेच्या हातात किल्ली ठेवली.

"जा. खड्डं बघून चालीव. हिसकं बसाय नकोत."

स्कूटी वळणाआड गेली, तशी शांतव्वा टपकलीच. "हालवायची न्हाई म्हणत होतीस की गं!"

"मोडायचं न्हाई म्हटलं," बाळाबाईनं पदर खोचला. "फिरवायचं न्हाई असं कोण म्हटलंय? बाईला बी जरा कोल्हापूर बघू दे की!"