नाखवा खलफान दाराशी बसला

ओमानमधल्या सूरच्या बंदरात नाखवा खलफान बिन जुमाला ओळखत नाही असा एक माणूस मला दाखवा, त्याला मी स्वतःच्या हाताने हलवा भरवीन! उभा जन्म गलबतावर काढलेला माणूस. आधी शिडाच्या, मग डिझेलच्या. गुडघे गेल्यावर उतरला, पण एक मान त्याच्याकडे राहिला. नवं गलबत पाण्यात ढकलायचं असलं की हाक खलफानची.

हे काम गमतीचं नाही. दोन्ही बाजूंच्या दोरांवर माणसं उभी असतात. खलफान गलबताच्या टोकावरून गाण्यातली एक ओळ फेकतो, खालून माणसं ‘हो’ देतात आणि त्या ‘हो’वर सगळे एकदम ओढतात. तो ‘हो’ हाक देणाऱ्याला नीट ऐकू आला नाही तर पुढची हाक चुकते, एका बाजूचा दोर ढिला पडतो आणि एवढं मोठं धूड तिरकं होऊन माणसांच्या अंगावर येतं. म्हणून बहिऱ्याला कुणी हाक देऊ देत नाही.

आणि याच खलफानला त्याच्या पोराने, हैथमने, बहिरा ठरवायची वेळ आणली. पोरगा वाईट नाही हो. बंदरात क्रेन चालवतो, बापावर जीव आहे. जीव होता म्हणूनच घोटाळा झाला.

झालं असं, की हैथमने मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, होम थिएटर आणलं. खोकी फोडताना त्याचं तोंड थांबेना. “बाबा, फोर-के आहे! एचडीआर आहे! फाइव्ह पॉइंट वन!”

“पाच ते समजलं,” खलफान म्हणाला. “मग पॉइंट लावून एकाला वेगळं का काढलंय? त्याने काय पाप केलंय?”

“तो सबवूफर, बाबा. फक्त खालचा, घुमणारा आवाज काढतो. समोर डावा-उजवा, मधे सेंटर, मागे दोन सराउंड. झाले पाच.”

“आणि बोलतो कोण?”

“जास्त करून सेंटर. माणसांचं बोलणं त्यातूनच येतं. मागच्या दोघांतून गर्दी, वारा, पाऊस असलं काहीतरी.”

खलफानने तेव्हाच हिशेब लावला. सेंटर म्हणजे नाखवा, हुकूम तो देणार. डावा-उजवा हे दोन तांडेल. मागचे दोघे खलाशी, नुसता गलका करणारे. आणि तो ठोकळा म्हणजे खालचं इंजिन. हैथम हसून लोळला, पण हिशेब बरोबर होता.

आता हे ठेवायचं कुठे? आमच्याकडे मजलिसमध्ये चारही भिंतींना गाद्या असतात, आणि दारापासून लांबच्या भिंतीची मधली जागा घरातल्या वडीलधाऱ्याची. तिथे खलफान बसणार. त्याच्या डोक्यावर टीव्ही टांगायचा तर पाहुणे त्याच्याकडे पाठ फिरवणार नाहीत, पण त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत बसणार, आणि असला अपमान कोण करील? म्हणून टीव्ही गेला दाराच्या भिंतीवर. सेंटर गेला टीव्हीखाली, चपलांच्या फळीमागे. आणि मागचे दोन? ते हैथमने मोठ्या प्रेमाने बापाच्या दोन्ही कानांजवळ ठोकले, कारण घरातल्या मोठ्या माणसाला आवाजही मोठा मिळायला नको का!

बघा, म्हणजे नाखवा चपलांत आणि खलाशी थेट कानाशी.

पहिल्याच मॅचला खलफानला कळेना की चाललंय काय. गर्दी त्याच्या कानात बोंबलत होती, पण समालोचक काय म्हणतोय ते काही येईना. “वाढव,” तो म्हणाला. हैथमने वाढवला. गर्दी आणखी बोंबलली. “अजून वाढव.” आता घुमणाऱ्या ठोकळ्याने कॉफीचे पेले नाचू लागले आणि बाहेर बकऱ्या ओरडल्या. मॅच संपल्यावर सगळ्यांच्या कानांत शिट्टी वाजत होती, आणि एकमेकांशी बोलताना सगळेच ओरडत होते.

हे रोजचं झालं. नवं गलबत बांधून घेणारा सुहैल एक दिवस मॅच चालू असताना येऊन शेजारी बसला, दोनदा काहीतरी बोलला. खलफानने मान वळवली नाही. कुठून वळवणार? कानाशी स्टेडियम ओरडत होतं. सुहैलने पेला हलवला, म्हणजे कॉफी पुरे, आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी बंदरभर झालं: खलफान बहिरा झाला. या वेळी त्याची हाक नाही, हाकेच्या गाण्याची जुनी रेकॉर्ड लाउडस्पीकरवर लावणार.

खलफान ताटावरून उठला, जेवला नाही. रात्री बायकोला, झुवैनाला, एवढंच म्हणाला, “हैथमच्या आई, मला जमिनीवर उतरवलं गं यांनी.”

झुवैना भडकली. “बहिरा? हा माणूस? दोन खोल्या पलीकडे मी हलव्याचा डबा उघडला तर हा हजर होतो!” आणि सकाळी तिने नवऱ्याला आणि पोराला, दोघांनाही, कानाच्या डॉक्टरणीकडे नेऊन उभं केलं.

डॉक्टरणीने दोघांना टोप्यांसारखे हेडफोन घातले, बारीक-बारीक आवाज ऐकवले. मग म्हणाली, “नाखवा, उंच सूर थोडे गेलेत, ते त्या डिझेलने नेले. पण शांत खोलीत माणसाचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू यायला हवं.” मग तिने हैथमकडे मोर्चा वळवला. “काळजी तुझी आहे. तुझ्या वयात एवढा ऱ्हास बरा नव्हे. क्रेनवर कानांत बुचं घालतोस?”

“कधीकधी.”

“आणि घरी येऊन परत तोच गोंधळ? कानात शिट्टी वाजली म्हणजे कान रडतोय असं समज. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर आवाज जास्त आहे. आवाज थोडासाच वाढवला तरी सुरक्षित वेळ निम्म्याने घटते. आणि आतलं एकदा मेलं की परत उगवत नाही, केस थोडेच आहेत?”

टक्कल पडलेल्या खलफानला या शेवटच्या वाक्याचं फार हसू आलं. पण घरी आल्यावर परत तेच. आपल्या जागी बसला की बोलणं गायब. डॉक्टरीण धीर द्यायला खोटं बोलली असं त्याने धरूनच टाकलं.

मग एका दुपारी त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. घरात कुणी नव्हतं. तो दाराशीच, चपलांच्या फळीशेजारी, टेकून अंगठा शिवत बसला. टीव्ही अगदी हळू चालू होता, काल रात्रीचीच मॅच पुन्हा लागलेली. आणि समालोचक म्हणाला, की गोलकीपरने हातमोजे बदललेत. खलफानचा सुई धरलेला हात तिथेच थांबला. पुढचं वाक्य आलं. तेही कळलं. सगळं कळत होतं!

तो उठला, आपल्या जागी गेला. बोलणं गायब, गर्दी हजर. परत दाराशी आला. बोलणं हजर.

“काय येरझारा घालताय?” झुवैनाने आत येत विचारलं.

“अगं, मी बहिरा नाही! मी चुकीच्या जागी बसलोय!” आणि म्हातारा चप्पल हातात धरून चक्क नाचला.

पण कळणं वेगळं आणि चारचौघांत करणं वेगळं. चाळीस वर्षांची जागा सोडून दाराशी बसायचं? आमच्याकडे दाराशी पोरंटोरं बसतात. म्हातारा आपणहून तिथे गेला म्हणजे लोक म्हणणार, संपला. खलफान शुक्रवारपर्यंत स्वतःशीच भांडत राहिला. शुक्रवारी मजलिस भरायच्या आत तो गेला आणि चपलांशेजारी मांडी घालून बसला.

मग काय मजा! पहिला पाहुणा आला, दचकला. खलफानपेक्षा मानाच्या जागी बसणार कसा? तो दाराशी बसला. दुसरा त्याला खेटून. तिसरा जवळजवळ चपलांवर. थोड्या वेळात सूरचे सगळे मातब्बर दाराशी कोंबलेले, आणि लांबच्या भिंतीच्या गाद्या ओस.

“बाबा, हे काय?” हैथम कासावीस झाला.

“सराउंड खाली कर. सेंटर वाढव. एकेकटा वाढवता येतो ना? का माझ्या कानांसारखं तेही तुला ठाऊक नाही?”

हैथमने मुकाट्याने रिमोट घेतला. मागचे दोघे उतरवले, नाखव्याला वर काढलं, रात्रीचा मोड लावला, म्हणजे हलकं बोलणं वर येतं आणि दणके खाली बसतात. एकूण आवाज निम्म्यावर आणला. “आणि तो रंगही बदल,” खलफान जाहिरातीतल्या समुद्राकडे बोट दाखवून म्हणाला, “असला हिरवा समुद्र मी उभ्या जन्मात पाहिला नाही.” टीव्ही दुकानात ठेवतात त्या भडक मोडवर होता. हैथमने सिनेमाचा मोड लावला, आणि पडद्यावर पाणी पाण्यासारखं दिसू लागलं.

तेवढ्यात बाहेर पायऱ्यांवर सुहैल चपला काढत होता. सोबतच्या माणसाला तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “म्हाताऱ्याला तोंडावर सांगायला मला लाज वाटते रे. तूच सांग.”

“काय सांगायचंय?” आतून खलफान गरजला. “लाउडस्पीकर लावणार हेच ना? ये, आत ये, नीट सांग!”

सुहैल उंबऱ्यात थिजला. आणि मजलिसमध्ये जो हशा पिकला, तो बंदरापर्यंत गेला असेल. झुवैना आतल्या खोलीतून ओरडली, “सांगितलं नव्हतं मी? हलव्याचा डबा!”

मोठ्या भरतीच्या दिवशी गलबत पाण्यात ढकलायला घेतलं. लाउडस्पीकरचं भाडं आधीच दिलेलं होतं, म्हणून कुणीतरी हौसेने तोच लावला. पहिल्याच ओढीला गलबत कुरकुरलं आणि थांबलं. रेकॉर्ड आपल्या मनाने पुढे चालली होती, तिला खालच्या माणसांचा ‘हो’ कुठे ऐकू येणार? डावीकडचे आधी ओढत होते, उजवीकडचे मागून. सुहैल घामाने भिजला. मग त्याने स्वतः जाऊन वायर उपटली आणि खलफानचा हात धरून त्याला टोकावर चढवलं. “नाखवा, मला माफ करा. हाक द्या.”

खलफानने एक श्वास घेतला आणि ओळ फेकली. लाउडस्पीकरच्या पाव आवाजाचीही नव्हती ती. पण खाली सगळे गप्प होते, म्हणून शेवटच्या माणसापर्यंत गेली. ‘हो’ आला. गलबत हललं. दुसरी ओळ, दुसरा ‘हो’, आणि ते धूड सरळ, डौलात, पाण्याकडे सरकू लागलं. झुवैना बायकांच्या घोळक्यात उभी राहून रडत होती आणि जीभ फिरवून आनंदाची ललकारी देत होती, दोन्ही एकदम.

अन् पाणी दोन हातांवर आलं असताना खलफान मधेच थांबला. त्याने उजव्या बाजूच्या दोराच्या पार टोकाकडे बोट दाखवलं, जिथे कितीतरी माणसांच्या मागे त्याचं पोरगं उभं होतं.

“हैथम!” म्हातारा ओरडला, “सगळ्यांत तुझा ‘हो’ मागे पडतोय! ऐकू येत नसलं तर पुढे ये, माझ्याजवळ उभा राहा!”

हैथम दोर सोडून पुढे धावला, बापाच्या अगदी पायाशी. पुढची हाक त्याने ऐकली, आणि ‘हो’ सगळ्यांच्या बरोबर दिला. गलबत पाण्यात गेलं.