ताई आणि जपानचा वाडगा

माझ्या मुलाच्या मित्राची आई, म्हणजे आमच्या ताई, मनात आणलं तर नुसत्या एका वाडग्याने दोन देश जेरीस आणतील. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत आपण सगळ्याच पाळतो. पण ताईंच्या ती अंगातच येते. लंडनमध्ये, आमच्या क्रॉयडनला, शेजारच्या गोऱ्या आजोबांनी एकदा आमचं पार्सल आणून दिलं, तर आमच्याकडे आलेल्या ताईंनी त्यांच्या हातावर गरम थालीपीठ ठेवलं. तेव्हापासून ते पार्सल दारात टाकतात, बेल वाजवतात आणि पळतात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी पळतात.

गेल्या सुट्टीत आमची दोन्ही घरं जपानच्या एका खेड्यात आठवडाभर राहायला गेली. मी माळकरी, म्हणून माझ्यापुरती लाडू, चिवडा, दशम्यांची एक बॅग बरोबर घेतली होती. पहिल्याच सकाळी समोरच्या घरातल्या म्हातारीने वाडगाभर संत्री आणून दिली. ताईंनी वाडग्यात माझे लाडू घालून तो परत केला. तासाभरात तो वाळवलेले मासे घेऊन आला.

"यांच्यातही परतफेडीची रीत आहे," माझा मुलगा म्हणाला.

झालं! ताईंनी पदर खोचला. "बघू कोण दमतं ते!"

चिवडा गेला, मासे घातलेला भात आला. दशम्या गेल्या, खेकडे आले. वाडग्याच्या एवढ्या फेऱ्या झाल्या की गावातलं एक कुत्रं त्याच्या सोबतीला चालू लागलं.

तिसऱ्या दिवशी बॅग संपली. मी नुसता भात मीठ लावून खायचे. मुलांची सुट्टी कशाला नासवा, म्हणून बोलले नाही. चौथ्या दिवशी ताईंनी माझं ताट पाहिलं.

"हे काय गं? नुसता भात?"

"आवडतो मला."

"कधीपासून?"

ताईंनी बॅगेत हात घालून तळ चाचपला आणि मटकन खाली बसल्या. "अगं बाई, तुझं जेवण मी गावभर वाटत सुटले!"

मग उठल्या, वाडगा धुतला, पुसला आणि रिकामाच घेऊन निघाल्या. समोरच्या अंगणात त्यांनी दोन्ही हात जोडून मासा केला, तो मासा अंगणभर पोहवला, मग 'नको, नको' म्हणून कान धरले आणि माझ्याकडे बोट दाखवून स्वतःचं पोट चोळलं. म्हातारी आधी घाबरली. मग हसून हसून पायरीवर बसली आणि आतून भाजलेली रताळी घेऊन आली.

"रिकामं भांडं घेऊन कधी कुणाच्या दारात गेले नव्हते गं," परत येताना ताई हळूच म्हणाल्या. घरी येऊन एक रताळं सोलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

आता ताई क्रॉयडनहून नाशिकला परत गेल्यात. रोज फोन करतात. "पोटभर जेवलीस ना?" विचारतात. मी "हो" म्हणते. "आणि तुम्ही?" हे माझ्या ओठांवर येईपर्यंत त्यांनी फोन ठेवलेला असतो.