निळ्या पट्टीचा डबा

माझी मुलगी सुजली तेव्हा आधी मला आनंद झाला होता, हे लिहिताना आजही लाज वाटते. तिच्या पाठीवर मुलगा झाला, तिचं अंगावरचं दूध तुटलं, आणि दोन महिन्यांत तिचे गाल भरले. शेजारणी म्हणाल्या, पोर अंगाने भरली. मीही तेच समजले. मग पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहू लागला, केस तांबूस होऊन हातात येऊ लागले, आणि तिने रडणंही सोडलं. न रडणारं दोन वर्षांचं मूल काय असतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावर आमचं सासर रापणीचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सगळी वाडी मिळून त्याच्या दोऱ्या ओढते आणि मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात. दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा, मग तो म्हातारा असो की लंगडा. अशी मासळी दारात यायची आणि माझ्या मुलीला ती वर्ज्य. सुजेला मासळी बाधते, मीठही बाधतं, असं सासूबाई म्हणत. मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण तिथे मुकाट्याने पेजेचं पाणी पाजत राहिले. धाकट्या जावेचा मुलगा त्याच वयाचा, तसाच सुजलेला. त्यालाही तेच पाणी.

मग मुंबईहून एक डॉक्टर आले. त्यांनी दवाखान्याच्या पडवीत आमच्या वाडीतली सुजलेली आठ पोरं गोळा केली आणि चिठ्ठ्या काढून डबे वाटले. चार आयांना लाल पट्टीचा, चौघींना निळ्या पट्टीचा. आत पीठ होतं, ते उकळलेल्या पाण्यात कालवून दिवसातून दोनदा भरवायचं. कुठल्या डब्यात काय, ते विचारायचं नाही.

“ज्या मुलाचा डबा त्याच मुलाला,” डॉक्टरांनी बजावलं. “दुसऱ्याला चमचाभरही नाही. नाहीतर कुठलं पीठ चांगलं ते आम्हाला कळणारच नाही.”

जावेला लाल पट्टी आली, मला निळी. वाडीतल्या बायकांत मी एकटी चौथी शिकलेली, म्हणून आठही मुलांची कार्डं माझ्याकडे. रोज कोणी किती खाल्लं ते लिहायचं आणि दर मंगळवारी, मुलांना वजनाला नेताना, कार्डं दाखवायची. मला त्याचा भारी तोरा होता.

तिसऱ्या मंगळवारी जावेच्या मुलाला वजनाच्या झोळीत घातलं तर वजन घटलेलं. तिने तिथेच रडायला सुरुवात केली. डॉक्टर हसले. “अहो, अंगातलं पाणी उतरलंय त्याच्या. बरा होतोय तो.” आणि तसंच झालं. त्याचे पाय काटकुळे दिसू लागले आणि तो भूक लागली की भोकाड पसरू लागला. आमच्या दोन घरांमधल्या कुडापलीकडून ते भोकाड मला ऐकू यायचं, आणि अलीकडे माझी मुलगी निपचित. त्याचं बरं होणं मला बघवत नव्हतं. त्याचं वाईट व्हावं असं कधी मनात आलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी डॉक्टरांचे पाय धरले. लाल डबा द्या म्हटलं. त्यांनी पाय मागे घेतले. “बाई, सहा महिने कळ काढा. निकाल लागला की सगळ्यांनाच चांगलं पीठ मिळेल.” सहा महिने! माझ्या मुलीचे सहा आठवडे निघतील की नाही, याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी सगळ्या बायकांना अडवलं. “रापणीक जो हात लावता त्येका वाटो गावता ना? मगे ह्या पोरांनी काय पाप केल्यानी? आठय डब्यांचे वाटे घालूया.”

निळ्या डब्यावाल्या तिघी लगेच हो म्हणाल्या. लाल डब्यावाल्या खाली बघत राहिल्या. त्यांच्यातून माझी जाऊच आधी पुढे आली. “वयनी सांगता तां खरा आसा,” ती म्हणाली आणि घरी जाऊन डबा घेऊन आली. मग बाकीच्यांना नाही म्हणता येईना. माझ्या पडवीत चटई घातली, सगळं पीठ एकत्र केलं आणि कोळंबीचे घालतात तसे आठ वाटे घातले. नवे डबे आले की दर वेळी हेच. कार्डांवर मी लिहीत गेले, आपला डबा, आपल्याच मुलाला.

महिन्याभरात माझ्या मुलीच्या डोळ्यांवरची सूज ओसरली. एका सकाळी ती रडली, आणि तिला उराशी धरून मीही रडले. पलीकडचं भोकाड मात्र बारीक होत गेलं. जावेच्या मुलाचे पाय पुन्हा भरले. बोट दाबलं की खळगा. मी रोज बघत होते. आपला डबा परत घेते असं जाऊ म्हणाली नाही, आणि परत घे असं मीही म्हटलं नाही.

मग एका मंगळवारी डॉक्टर आमच्यासमोर कागद घेऊन बसले. “दोन्ही पिठांत काही फरक दिसत नाही. हे काम आम्ही थांबवतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, ज्याचा त्यालाच दिलात ना डबा?”

माझ्या मागे सात बायका उभ्या होत्या. मी होय म्हटलं.

“कार्डं मात्र छान ठेवलीत,” ते म्हणाले. “लाल डब्यात शेंगदाण्याचं पीठ नि दुधाची भुकटी होती. निळ्यात तांदळाचं पीठ नि साखर. फरक पडेल असं वाटलं होतं आम्हाला.”

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. खोटं लिहिलं म्हणून तुरुंगात घालतील, मग माझ्या पोरांना कोण बघेल, एवढंच डोक्यात होतं. कार्डं त्यांच्या हातात दिली आणि मुलीला कडेवर घेऊन घरी आले.

माझी मुलगी जगली. आज तिला नातवंडं आहेत.

ते काम बंद झाल्यावर आठवडाभराने, भर दुपारी, जाऊ माझ्या दारात आली. हातात तिचा डबा होता, तळाला शेवटच्या वाटणीचं पीठ. तिचे डोळे कोरडे होते.

“वयनी, ह्यां तुज्या चेडवाक घाल. माझो आता गिळणा नाय.”

नको म्हणायला हवं होतं. चल, आपण दोघी मिळून त्याला आणखी एकदा भरवून बघू, असं तरी म्हणायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी डबा घेतला, आणि ती उंबऱ्यात उभी असतानाच माझ्या मुलीसाठी पीठ कालवायला बसले.