डोमाजीचं बोलावणं

लोणखेड सुधार मंडळाच्या पहिल्या सभेला चार माणसं आली, आणि ती चारही मंडळाचीच होती. अध्यक्ष गोविंदराव पाटील, कापसाचे व्यापारी देवीलाल शेठ, ओढ्यापलीकडच्या बंजारा तांड्याचे नायक शंकरसिंग आणि कापसाच्या जिनात सरकी काढायच्या रेच्यावर काम करणारा डोमाजी. चौघांनी बाजाराच्या ओट्यावर तासभर एकमेकांची तोंडं पाहिली, शेठनी आणलेली पानं खाल्ली आणि उठले. पाटलांनी सभा खेळीमेळीत पार पडल्याचं जाहीर केलं. डोमाजी घरी पोहोचेपर्यंत स्वतःशीच बडबडत होता.

सन एकसष्टचा उन्हाळा होता. विकास गटाचे साहेब मागच्या महिन्यात येऊन सांगून गेले होते की नेरच्या या अंगाला एकच हायस्कूल द्यायचं आहे. ते लोणखेडला द्यायचं की शेजारच्या गावाला, हे त्या गावांनीच ठरवावं. ज्या गावातल्या सगळ्या वस्त्या एकत्र बसतील, खोल्या बांधायला श्रमदान कबूल करतील आणि साहेबांसमोर सह्या-अंगठे करतील, त्या गावाला शाळा. एकही वस्ती सुटता कामा नये, असं त्यांनी दोनदा बजावलं. मागे एका गावात अर्ध्या गावानं शाळा बांधली आणि उरलेल्या अर्ध्यानं रागानं पोरंच पाठवली नाहीत, त्याचा त्यांना धसका होता.

साहेबांची जीप वळली न वळली, तोच डोमाजी पाटलांच्या दारात उभा होता. मंडळ काढायचं डोक्यात त्याच्याच आलं. त्याची इंदू सातवी पास झाली होती आणि पुढची शाळा नऊ मैलांवर नेरला होती. मुलगे सायकल हाणत जायचे, पण तेरा वर्षांच्या पोरीला कोण पाठवणार? त्याच्या बायकोचा, रुखमाबाईचा भाऊ एक स्थळ घेऊन दोनदा येऊन गेला होता. तिसऱ्यांदा तो उन्हाळा संपल्यावर येणार होता आणि तोवर शाळा नक्की झाली नाही, तर त्याला काय सांगायचं हे डोमाजीला माहीत नव्हतं. त्यामुळे मंडळात बाकी तिघे हौसेनं होते आणि डोमाजी एकटा जिवाच्या आकांतानं होता.

दुसऱ्या सभेआधी शेठनी सुवाच्य अक्षरात नोटीस लिहून चावडीच्या भिंतीला डकवली. अर्धी नोटीस शेळीनं खाल्ली आणि उरलेली अर्धी कोणी वाचली नाही. सभेला सहा जण आले, त्यातले दोघे बाजारच्या दिवशी हरवलेला बैल शोधत आले होते. दुसऱ्या दिवशी डोमाजी वैतागून गल्लोगल्ली विचारत फिरला, तर जो तो एकच ऐकवी. सभा आहे हे कळलं होतं, यायची इच्छाही होती, पण आमाले कोणी बलावलंच नाही. बोलावल्याशिवाय जायला आम्ही काय भिकारी आहोत, असंही वर ऐकवत होते.

आता हे बोलावणं म्हणजे काय, हे डोमाजीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. लोणखेडात दवंडी आली म्हणजे बोलावणं आलं. वीस वर्षं ती दवंडी डोमाजीनंच दिली होती, त्याच्याआधी त्याच्या बापानं, त्याच्याआधी आज्यानं. डफडं घेऊन तो चावडीवरून निघाला की त्याचा आवाज पार जिनाच्या धुराड्यापर्यंत जायचा. छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि लाखो माणसांत उभं राहून त्यानं धम्मदीक्षा घेतली. परत आल्यावर डफडं चावडीच्या खुंटीला टांगून पाटलांना सांगितलं की हे आता माझ्या हातात दिसणार नाही. तेव्हापासून ते तिथंच लटकत होतं. दुसऱ्या कोणाला ते हातात घ्यायची लाज वाटत होती, आणि गावाला दवंडीवाचून दुसरं बोलावणं बोलावणं वाटत नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत व्हायचं तेच झालं. शेठ घसा खाकरून म्हणाले की डोमाजीसारखा आवाज पंचक्रोशीत नाही. शंकरसिंग नायकांनी सांगितलं की माझ्या शब्दावर तांडा हलतो, पण दवंडी तांड्याच्या हद्दीला आल्याशिवाय मी तो शब्द काढणार कसा. पाटील तर सरळच बोलले.

"एक डाव वाजव ना बाप्पा. तुह्या पोरीसाठीच त चाललं हाय सारं. गावाचं काम हाय, कमीपना कायचा त्याच्यात?"

डोमाजीच्या मस्तकात तिडीक गेली. ज्याला मेंबर म्हणून शेजारी बसवलं, त्यालाच उठून डफडं आण म्हणत होते, आणि ते म्हणताना कोणाला अवघडल्यासारखंही होत नव्हतं. इंदूचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. पटकन हो म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. पण ज्या पोरीला शिकवायचं, तिच्यासमोरच ते डफडं गळ्यात अडकवायचं, हे काही त्याच्यानं होणार नव्हतं.

"गावाचं काम हाय ना पाटील?" तो म्हणाला. "कमीपनाबी नाही म्हनता. मंग तुमीच वाजवा."

असं बोलून तो निघून आला आणि आठ दिवस मंडळाकडं फिरकलाच नाही. ते आठ दिवस घरात त्यानं सगळ्यांचं डोकं खाल्लं. भाकरी करपली म्हणून बोलला, नाही करपली म्हणूनही बोलला. रुखमाबाईनं शेवटी त्याला सांगितलं की भांडण पाटलाशी आहे तर पाटलाकडं जाऊन भांडा.

साहेब शनिवारी येणार असा निरोप आला आणि शुक्रवारी सकाळी पाटलांनीच डोमाजीला बोलावणं पाठवलं. शाळा आपणच आणतो आहोत, असं पाटील शेजारच्या गावच्या सोयऱ्यांना आधीच सांगून बसले होते. आता रिकाम्या ओट्यावर साहेबांना उभं करायचं म्हणजे सोयऱ्यांत तोंड दाखवायची सोय उरली नसती. चावडीत डफडं खाली काढलेलं होतं आणि पाटील त्याच्याकडं, ते चावेल की काय अशा नजरेनं पाहत होते.

"सांग, कसं धरू?" ते गुरगुरले.

डोमाजीनं डफड्याला हात लावला नाही, पण तोंडानं सगळं शिकवलं. चामडं आधी जाळावर शेकायचं, काडी सैल धरायची, आधी तीन ठोके, मग हाक. कुठून कुठं जायचं तेही सांगितलं. चावडीवरून निघायचं, पाटील गल्ली घ्यायची, मग तेलीपुरा, बाजार, शेठची पेढी, जिनाच्या चाळी, ओढा उतरून तांडा, वर येऊन लिंबाच्या झाडाशी शेवटची हाक आणि तिथून परत. वीस वर्षं पाय पडलेला रस्ता होता, सांगताना त्याला आठवावंही लागलं नाही.

पाटलांनी दवंडी दिली. वाईट दिली. ठोका चुकत होता, आवाज फाटत होता, पटका सरकून कानावर आला होता. पण पाटील डफडं वाजवत निघालेत हे पाहायला सारं गाव दारात आलं. बायका पदरात तोंड लपवून हसल्या, तांड्यावरच्या म्हाताऱ्या तर ओढ्यापर्यंत त्यांना पोचवायला आल्या. पाटील घामाघूम होऊन लिंबाशी पोहोचले, शेवटची हाक दिली आणि मागं वळले. डोमाजी तेव्हा जिनात होता. आवाज ऐकून पाच वर्षांत पहिल्यांदाच तो मनापासून हसला.

शनिवारी चार वाजता ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तेलीपुरा आला, बाजार आला, जिनाच्या चाळी आल्या, शंकरसिंग नायकांमागं तांडा तर बायकापोरांसकट आला. साहेब खूश झाले. त्यांनी कागद काढला आणि एकेका वस्तीचं नाव घेऊन सह्या-अंगठे घ्यायला सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "बौद्धपुरा?"

डोमाजी पुढं झाला. मागं वळून पाहिलं तर त्याच्यामागं कोणीच नव्हतं. साहेब म्हणाले, एका माणसाची काही वस्ती होत नाही. आपण आणखी अर्धा तास थांबू, मग शेजारच्या गावी जायचं आहे.

डोमाजी पळतच सुटला. संताप संताप झाला होता त्याचा. पाटील सुधारला, शेठ आला, तांडा आला, आणि ज्यांच्यासाठी रक्त आटवलं ते आपलेच लोक घरात बसले! लिंब ओलांडून तो गल्लीत शिरला, तर सगळी गल्ली दारादारात बसलेली. रुखमाबाई उंबऱ्यात सुपानं ज्वारी पाखडत होती, शेजारी धुतलेलं पातळ नेसून आणि पाटी मांडीवर घेऊन इंदू. तो तोंडाला येईल ते बोलला. शाळा चालली हातची, आणि तुम्ही इथं काहून बसून राह्यले, असं ओरडला.

रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं.

"आमी सकाळपासून तयार हाओ," ती म्हणाली. "काल डफडं आयकलं. म्हटलं, यंदा येते आपल्या गल्लीत. लिंबापासून फिरलं ते. पाटलाचं काय म्हना, त्यानं पयलेपासून तेच पाह्यलं हाय. पन त्याले रस्ता कोनं सांगतला?"

 लिंबापासून परत, हे डोमाजीनंच सांगितलं होतं, स्वतःच्याच तोंडानं. बापानं त्याला तसंच शिकवलं होतं, कारण या गल्लीला कधी कोणी कशाला बोलावलंच नव्हतं. डफडं सुटलं होतं आणि रस्ता मात्र पायात तसाच राहिला होता. पाटलावर, शेठवर, साऱ्या गावावर काढलेला राग त्याला आता स्वतःवर काढायचा होता आणि त्याला वेळ नव्हता.

तो परत लिंबापर्यंत गेला. वळला, गल्लीकडं तोंड करून उभा राहिला. हातात काही नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली आणि पाच वर्षांत न काढलेला आवाज काढला.

"आयका हो आयका! गावात मोठी शाळा येऊन राह्यली. बाजाराच्या ओट्यावर आपल्याले बलावणं हाय हो!"

हाक देत तो गल्लीच्या पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत गेला. एकही दार सोडलं नाही, स्वतःचंही नाही. मागं माणसं उठत होती, चपला शोधत होती. रुखमाबाईनं पदर खोचला, इंदूचा हात धरला आणि त्याच्या पुढं निघाली.

"आवाज चांगला हाय तुमचा," ती न वळता म्हणाली. "आमी आतापर्यंत दुरूनच आयकलता."