गाळाखालची भेग

डेन्व्हरच्या त्या अपार्टमेंटला एक मोठी काचेची खिडकी होती. ऐंशीच्या दशकातली माझी पहिली वर्षं मी त्या काचेला नाक लावून काढली. नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. त्याला तेलकंपनीत नोकरी, मला काम करायला बंदी. नागपूरची जिओफिजिक्सची एमएस्सी सुटकेसमध्ये, लोकरी कपड्यांखाली. लोक विचारायचे, कंटाळा येतो का? कंटाळा कसला, मी कोंडले गेले होते.

नवरा कधीकधी काम घरी आणायचा. एकदा त्याने एका खोऱ्याचे दोन नकाशे आणले, एक गुरुत्वाकर्षणाचा, एक चुंबकीय. हजारो फूट गाळाच्या थरांखाली मूळ खडक कुठे तुटलाय, ती भेग शोधायची होती, आणि त्याचं घोडं अडलं होतं. तो आंघोळीला गेल्यावर मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला चिकटवले. मागून ऊन आलं. एका नकाशातल्या रेषा जिथे दाटीवाटीने उभ्या होत्या, नेमके तिथूनच दुसऱ्यातले टोकदार उंचवटे पूर्वेकडे पसरट होत गेले होते. मी पेन्सिलने रेघ ओढली. तो बाहेर आल्यावर मी ती त्याला आनंदाने दाखवली.

ती रेघ ऑफिसात नवऱ्याच्या नावाने गाजली. त्यांना नकाशे वाचणारं आणखी माणूस हवंच होतं. कंपनीने मागणी केली तर मला माझा स्वतःचा व्हिसा मिळणार होता.

"साहेबांजवळ माझं नाव काढ ना," मी म्हटलं.

"रविवारी जेवायला बोलावतो. तेव्हा विषय काढतो, प्रॉमिस."

रविवारी मी पुऱ्या तळत होते. जेवता जेवता अमेरिकन साहेबांनी नवऱ्याला विचारलं, "रेषांची दाटी खडकाची जात बदलली तरी होते. तिथे खडक खाली गेलाय, हे कशावरून?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. एरवी आमचं मराठी निम्मं इंग्रजी. पण साहेबांना एकही शब्द कळू नये आणि त्याची लाज राहावी, म्हणून मी शाळेच्या पुस्तकातलं मराठी बाहेर काढलं. "पूर्वेचे चुंबकीय उंचवटे पसरट आहेत, म्हणून. तिकडे खडक खोल आहे," मी शेगडीजवळूनच म्हणाले.

"काय म्हणतेय ती?" साहेबांनी विचारलं.

"अजून पुरी हवी का, विचारतेय."

मग त्याने माझं उत्तर आपलं म्हणून इंग्रजीत दिलं. साहेब खूश झाले. मी पुरी वाढली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. आता तरी काढेल विषय. तो ताटात बघत होता. माझा संताप संताप झाला, पण हातात झारा होता आणि तोंडावर हसू.

निघताना साहेब त्याला म्हणाले, "पुऱ्या फार छान झाल्या होत्या, तिला सांग."

नवरा माझ्याकडे वळला आणि त्याने मला ते मराठीत सांगितलं.