फुल एचडी मामा

मामाला धुरकट काही चालायचं नाही. चष्मा पुसायला त्याच्या खिशात वेगळा रुमाल असे आणि टीव्हीच्या काचेला कुणाचं बोट लागलं की तो घर डोक्यावर घ्यायचा. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव फुल एचडी मामा ठेवलं, आणि त्याला ते आवडलंही.

या नावाचं मूळ म्हणजे नितीनचा गेमचा कन्सोल. नितीन हा मामाचा एकुलता मुलगा. कॅनडाला जाताना तो खेळायचं खोकं मागे ठेवून गेला. आमच्याकडे माणसं जातात आणि वस्तू राहतात. मामाच्या जुन्या टीव्हीला इंटरनेट ठाऊक नव्हतं, म्हणून नितीनचे व्हिडिओ तो या कन्सोलवरून बघायचा. कंट्रोलर स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांत धरून तो बसला की मामी म्हणायची, "निघाली एसटी." ती एसटी पावलोपावली बंद पडायची. इंटरनेट मरतुकडं आणि मामाचा हट्ट सगळ्यात स्वच्छ चित्राचा, त्यामुळे पडद्यावर नुसतं चक्र फिरत राही. पेणला रामवाडीत माझं सासर. तिथून आले की मी दरवेळी सांगायची, "मामा, क्वालिटी कमी कर ना, सरसर चालेल."

"माझा पोरगा मी धुरकट बघू? नाय जमायचं."

मग नितीनचं लग्न ठरलं, तेही तिकडेच. "व्हिसाची भानगड, आयेची तब्येत, कशाला धावपळ? लाईव्ह बघा, इथं असल्यासारखंच वाटेल," असं तो फोनवर म्हणाला. असल्यासारखं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मामीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. घरात लग्न आणि डोळ्याला पट्टी नको, म्हणून तिने ऑपरेशन पुढे ढकललं होतं. मामा मात्र हौसेने कामाला लागला. अंगणात मांडव घातला, टीव्हीला हार घातला, सगळ्या गल्लीला जेवण सांगितलं.

तिकडे सकाळ होती, इकडे दिवेलागण. मामा मांडवाच्या तोंडाशी उभा राहून येईल त्याला अक्षता देत होता आणि अक्षतांबरोबर वायफायचा पासवर्डही. "घ्या, घरचंच हाय." दारी आलेल्याला काहीतरी द्यायचं एवढंच त्याला माहीत. पाहुण्यांनीही मान राखला. मोबाईल काढून प्रत्येकाने तेच लग्न आपापल्या हातात लावलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मोठ्या पडद्यावर चक्र फिरू लागलं. मी ओरडले, "मोबाईल बंद करा आधी सगळ्यांनी!" तर मामा माझ्यावरच खेकसला, "पावन्यांना असं बोलतात काय गो?"

माणसं मुठीत अक्षता धरून उभी होती. टाकायच्या कधी, कुणाला कळेना. पुढच्या खुर्चीवरून मामी म्हणाली, "अवो, कमी करा ना ते. धुरकट चालंल मला. तसंही मला समदं धुरकटच दिसतं."

"गप गो. एकुलत्या पोराचं लगीन हाय. स्वच्छच बघायचं."

चक्र थांबलं तेव्हा पडद्यावर रिकाम्या खुर्च्या होत्या. अगदी स्वच्छ दिसत होत्या. एक माणूस फुलांच्या माळा उतरवत होता. मामीने मुठीतल्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या.

व्हिडिओ नंतरही बघता येणार होता. मी तो मामीला मोबाईलवर लावून द्यायला निघाले, तर मामाने हात धरला. "एकदा वाया गेलं. आता नेटची नवी केबल येतेय, कोलाडपर्यंत आलीय. मोठ्या पडद्यावर दाखवीन तिला." मामीही म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, ह्यांच्याबरूबरच बघीन." केबल कोलाडलाच रेंगाळली. गौरी गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ मामीही गेली, झोपेतच. नितीनला रजा मिळाली नाही. तेराव्याला तो व्हिडिओ कॉलवर बसला. "चित्र मस्त येतंय इकडं," असं तो म्हणाला, आणि मी फोन दुसऱ्याच्या हातात दिला. त्याच्याशी मी अजून नीट बोललेले नाही.

केबल आली ती दिवाळीनंतर. वरातीमागून घोडं. मामाने मला पेणहून बोलावून घेतलं. कन्सोल सुरू केला, लग्न लावलं, आणि चक्र फिरलंच नाही. शेल्याची जर दिसत होती, कपाळावरचा घाम दिसत होता. अंतरपाट धरायच्या आधी नितीन कॅमेऱ्याकडे वळला.

"आये, दिसतंय ना गो?"

मामाने चित्र तिथेच थांबवलं. मग तो अंगठ्याने चाचपडत सेटिंगमध्ये गेला आणि क्वालिटी सगळ्यात खाली आणली. नितीनचे नाकडोळे पुसून गेले. मला वाटलं, चुकून झालं.

"मामा, आता लाईन चांगली आहे रे. वर ने ना."

"ऱ्हाऊ दे," पडद्यावरची नजर न काढता मामा म्हणाला. "तुझ्या मामीला एवढं चाललं असतं."